नवसाचा बोकड आणि जांभळी नळी

तुम्ही स्वतः मटण खाता का हो?

नवी ओळख झाली आणि मी नोकरी काय केली ते कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याचा चेहरा असा, की आता ही बाई काहीतरी भयंकर सांगणार. अहो, खाते. चवीनं खाते. वड्यांबरोबर कोंबडीचा रस्सा असला तर मागून वाढून घेते. रत्नागिरीतल्या प्रयोगशाळेत मी जन्मभर मटणात नि कोंबडीत औषधाचा अंश उरलाय का ते तपासलं, म्हणून काय आता दुधीभोपळ्यावर दिवस काढू?

काम म्हटलं तर साधं आहे. जनावर आजारी पडलं की त्याला अँटिबायोटिक देतात, माणसाला देतात तसंच. त्यात वाईट काही नाही. पण ते औषध अंगातून पूर्ण निघून जायला वेळ लागतो, कधी चार दिवस, कधी महिनाभर. तोपर्यंत थांबायचं आणि मग कापायचं, असा नियम. थांबत कुणीच नाही ही गोष्ट वेगळी. मग ते औषध आपल्या ताटात येतं. एका जेवणानं बहुधा कुणाला काही होत नाही, पण रोज थोडंथोडं पोटात गेलं तर आपल्या अंगातले जंतू त्या औषधाला सरावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागूच पडत नाही. आणि एखाद्याला त्या औषधाची ॲलर्जी असली तर मग विचारायलाच नको.

आमची पहिली चाचणी म्हणजे बोटाएवढी काचेची नळी. तळाशी जांभळ्या रंगाची जेली, आणि तिच्यात झोपलेले निरुपद्रवी जंतू. मटणाचा रस काढायचा, थेंबभर वर सोडायचा आणि नळी उबेला ठेवायची. मटण स्वच्छ असेल तर जंतू जागे होतात, वाढतात, जेली आंबट करतात आणि जांभळी नळी पिवळी होते. मटणात औषध असेल तर जंतू वाढतच नाहीत, नळी जांभळीची जांभळी. पिवळी म्हणजे पास, जांभळी म्हणजे नापास. कुठलं औषध ते नळी सांगत नाही, त्यासाठी नमुना मोठ्या मशीनकडे परगावी पाठवावा लागतो. पण काहीतरी आहे, हे ती छातीठोक सांगते.

हे सगळं खरं, पण आमच्या कोकणातल्या बायांपुढे त्या नळीचं काय चालणार? "साधं कच्चं मटण पाठवा, काही लावू नका," असं दहादा बजावलं तरी डबा उघडला की आत मीठ-हळद चोळलेले तुकडे. "अहो बाई, एष्टीनं यायचं, खराब झालं म्हणजे?" असं वर आम्हालाच ऐकवायच्या. आता हळदीनं नळी पहिल्यापासूनच पिवळी. पेपर लिहायच्या आधीच पोरगं पास! रत्नागिरीजवळच्या पालीच्या एका हॉटेलवाल्याचा नमुना उलट सारखा नापास होत होता. तो बिचारा कोंबड्या देणाऱ्या माणसाशी भांडून मोकळा झाला, बोलणंही तोडलं. शेवटी मी त्याच्या आचाऱ्याला फोनवर घेतलं, तर तो म्हणतो, "बाई, फ्रीजमधला माल ना? त्याला आलं-लसूण लावूनच ठेवतो मी." लसणीनं माझे जंतू कधीच गारद झालेले. कोंबडी बिचारी निष्पाप! भांडण मिटलं, आणि मला दोघांकडून चहा मिळाला.

एक गृहस्थ तर जिवंत कोंबडा काखेत घेऊन आले. तपासायचं काय, तर तो खरा गावठी आहे की सासऱ्यानं फसवलं. मी म्हटलं, आमच्या नळीला ते कळत नाही. तर म्हणाले, मग एवढं सरकारी शिक्षण घेऊन उपयोग काय? आणि कोंबडा परत काखेत मारून चालते झाले.

खंत एवढीच वाटते, की आमच्याकडे नमुना यायचा तोपर्यंत बाकीचं मटण खाऊन, हात धुऊन, लोक झोपलेले असायचे. नळी जांभळी राहिली तरी कुणाच्या ताटातला घास आपण मागे घेतला, असं समाधान फार क्वचित मिळायचं. एकदाच मिळालं, आणि ते घरातच मिळालं. तीच गोष्ट सांगायची आहे.

आमचं गाव पालीच्या आतल्या बाजूला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथलं घर मोठ्या जाऊबाई सांभाळतात. सगळा गाव त्यांना आक्का म्हणतो, मीही आक्काच म्हणते. त्यांच्या धाकट्या दिराची बायको मी, म्हणजे त्यांच्या लेखी अजून शिकाऊ उमेदवार. त्यांचा मुलगा महेश मालवाहू बोटीवर आहे. पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा बरेच दिवस त्याचा फोन नाही, निरोप नाही. आक्का जेवेनात. शेवटी त्यांनी गावाच्या राखणदाराला नवस बोलला, पोरगा सुखरूप येऊ दे, राखणीला बोकड देईन.

राखण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. गावाच्या वेशीवर एक देव असतो, गाव राखणारा. वर्षातून एकदा त्याला कोंबडा-बकरा द्यायचा, तिथेच राईत शिजवायचा आणि तिथेच जेवून संपवायचा. घरी नेता येत नाही, आणि नको म्हणता येत नाही. आमच्याकडे राखण मे महिन्यात असते, चाकरमानी गावात असतात म्हणून. नवसाची राखण असली, तर ज्याच्यासाठी नवस केला त्यानं पहिला घास खायचा.

महेश आला. सुखरूप, जाड होऊन, दाढी वाढवून आला. बोकड तर आक्कांनी आधीच पाळायला घेतला होता, पिल्लू असतानाच देवाच्या नावानं सोडलेला. नाव बाब्या. काळाकुट्ट, मानेला घुंगूर, आणि वास असा की बाब्या वळणावर असला तरी घरात कळावं.

राखणीच्या आदल्या आठवड्यात आक्कांचा मला रत्नागिरीला फोन.

"वासंती, तुझ्या त्या मशीनीत आमचा बाब्या बघून दे गो."

"बाब्याला काय झालं?"

"त्याला काय व्हतंय? धडधाकट हाय. पण ती शेवंता गावभर सांगत सुटली, आक्काचा बोकड खोकतो म्हणून. देवाला आजारी जनावर देतात म्हणून. तू पास म्हणून सांग, म्हंजे तिचं तोंड बंद."

शेवंताकाकू म्हणजे शेजारीण. दोघींचं भांडण माझ्या लग्नाआधीपासूनचं, आणि दोघी एकमेकींशिवाय चार दिवस राहू शकत नाहीत. मी आक्कांना समजावलं, की आमची नळी आजार नाही दाखवत, औषध दाखवते. "तेच ते," आक्का म्हणाल्या. मी पण हसले आणि गप्प बसले. म्हटलं, जाऊबाईंचा हट्ट आहे, पिवळी नळी दाखवू आणि मोकळं होऊ.

पण बाब्या जिवंत. मटणाचा रस कुठून आणू? जिवंत जनावराचं मूत्र मात्र चालतं. म्हणून शनिवारी मी निर्जंतुक बाटली घेऊन गावी गेले, बांबूच्या काठीला बाटली बांधली आणि बाब्याच्या मागे निघाले. सकाळपासून दुपार झाली. मी पुढे गेले की तो उभा राहून रवंथ करायचा, मी सावलीत टेकले की लगेच मोकळा व्हायचा. महेश पडवीत बसून हसत होता. "काकी, तुम्हाला ह्याचा भत्ता मिळतो काय?"

शेवटी आक्काच म्हणाल्या, की शेळी समोर आणली की बोकड आवरत नाही. खरंच आहे ते. पण आमच्या घरी शेळी नाही. शेळी होती ती फक्त शेवंताकाकूंकडे.

आक्का दहा मिनिटं अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. मग कुंपणाजवळ जाऊन, तोंड दुसरीकडे करून म्हणाल्या, "शेवंते, जरा तुझी शेळी धाड."

"कशाला गो? तुझा बोकड आजारी ना?" पलीकडून शेवंताकाकू.

"धाडतस की नाय?"

काकूंनी शेळी स्वतः आणली, आणि मजा बघायला पदर खोचून उभ्याही राहिल्या. शेळी बघताच बाब्यानं मान वर केली, ओठ मुडपला, आणि माझी बाटली क्षणात भरली. थोडं माझ्या साडीवरही. महेश टाळ्या वाजवत होता.

सोमवारी नळ्या लावल्या. एक खात्रीची स्वच्छ, एक मुद्दाम औषध घातलेली आणि मधे बाब्या. जेवण करून आले तर स्वच्छ नळी पिवळीधमक, औषधाची जांभळी, आणि बाब्याचीही जांभळी. माझाच काही घोटाळा असेल म्हणून पुन्हा लावली. जांभळी. इतकी जांभळी, की औषधाची नळी कुठली नि बाब्याची कुठली ते चिठ्ठी बघून ठरवावं लागलं.

मी आक्कांना फोन लावला. "आक्का, बाब्याला कुणी औषध दिलंय का?"

"दिलंय तर!" आक्का खुशीत. "पालीचा टोचणारा आणला नि मस्तपैकी इंजेक्शान मारून घेतलंय. तू येणार व्हतीस ना तपासायला, म्हणून आदल्या दिवशी. म्हंजे चांगला निघंल!"

मी कपाळावर हात मारला. घरी पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं, तसं माझी नळी येणार म्हणून आक्कांनी बोकडाला औषध टोचून ठेवलं होतं. आमच्याकडे औषध म्हणजे शुद्ध, इंजेक्शन म्हणजे त्याहून शुद्ध. परीक्षेत पास व्हावं म्हणून जे केलं, त्यानंच तो नापास झाला.

इथवर मला हसू येत होतं. मग मी त्या पालीच्या माणसाला फोन लावून विचारलं, नक्की काय टोचलंत?

"पेनिसिलिन, ताई. तसा खोकला किरकोळ होता, पण आक्का म्हणाल्या तपासणी आहे, काही कमी नको. म्हणून जोरात मारलंय. चार दिवसांनी परत एकदा मारायला बोलावलंय."

मी फोन ठेवला. महेशला पेनिसिलिन चालत नाही. शाळेत असताना पायाला जखम झाली म्हणून त्याला ते इंजेक्शन दिलं होतं. सगळं अंग सुजलं, श्वास कोंडला, ओठ काळेनिळे पडले. रत्नागिरीच्या इस्पितळात मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि आक्का दाराशी उभ्या राहून राखणदाराला शिव्या घालत होत्या. वाचला तो कसाबसा. आणि आता त्याच पोरासाठी, त्याच देवाला, पेनिसिलिन टोचलेला बोकड. आणि पहिला घास त्याचाच.

बहुतेक काही झालंही नसतं. शिजताना औषध थोडं उतरतं, एका घासात येऊन येऊन येणार किती? पण हे "बहुतेक" आपल्या मांडीवर डोकं ठेवलेल्या पोराच्या बाबतीत म्हणून बघा. मला तरी म्हणता आलं नाही. मी साहेबांना सांगून संध्याकाळची एष्टी धरली.

आक्का पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं तसं त्यांचा हात सुपातच थांबला. मग म्हणाल्या, "म्हंजे मी पोराला वाचवायला नवस बोलले, आणि मीच त्याला..." मला त्यांच्याकडे बघवेना. एवढी खंबीर बाई, पण सूप तिरकं होऊन तांदूळ अंगणात सांडत होते, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

महेश म्हणाला, "आये, मी खात नाय, मग झालं?" पण नवसाचा पहिला घास ज्याच्या नावाचा, त्यानं तो खाल्ला नाही तर नवस फिटला असं गाव मानणार नाही. राखण पुढे ढकलावी, तर औषध उतरायला किती आठवडे लागतील ते मला सांगता येत नव्हतं, आणि महेशची रजा संपत आलेली. दुसरा बोकड द्यावा, तर देवाच्या नावानं सोडलेला हा. तिन्ही बाजूंनी अडलो. अशा वेळी आमच्याकडे एकच करतात. देवाला विचारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राईत कौल लावला. देव म्हणजे शेंदूर लावलेला पाषाण. बाळा गुरव त्याला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विज्ञानाची पदवीधर बाई, आयुष्य नळ्या बघण्यात गेलेलं. पण खरं सांगते, त्या दिवशी हात जोडून त्या पाकळ्यांकडे मी जशी बघत होते तशी कुठल्याच नळीकडे बघितलेली नाही.

बाळा गुरवानं विचारलं, राखण पुढे घेतली तर चालंल काय? डावी पडली. बोकड बदलला तर चालंल काय? पुन्हा डावी. शेवंताकाकू माझ्या मागे उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "देव पण आक्कावानी हट्टी हाय."

तेवढ्यात आक्का पुढे झाल्या. आमच्याकडे गाऱ्हाणं गुरवानं घालायचं, बायकांनी मधे बोलायचं नसतं. पण त्यांना अडवणार कोण?

"म्हाराजा," त्या पाषाणाकडे बघून म्हणाल्या, "चूक माझी झाली. शेवंतेला दाखवायच्या नादात मी बोकडाला सुई टोचून घेतली. तुझा बोकड तुझ्या पायाशी आणून बांधते. पण तो निर्मळ नाय. त्याच्या अंगातलं औषध उतरून तो वासंतीच्या नळीत पास व्हईपर्यंत तू थांबशील काय? पोरगा राखणीला तुझ्या पाया पडून जाईल. नवस फिटला म्हण."

सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. बाब्या तेवढा घुंगूर वाजवत गुरवाच्या पिशवीतलं केळं शोधत होता. आणि उजवी पाकळी पडली. टपकन पडली. आक्का मटकन खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या, आणि मग मीही.

रविवारी राखण झाली ती गावकऱ्यांच्या कोंबड्यांची. महेशनं बाब्याचं दावं हातात धरून देवाला नमस्कार केला, पोटभर जेवला आणि रजा संपताच बोटीवर गेला. कोंबड्या कुणाकडच्या, त्यांना काय काय दिलंय, हे मी घरोघर फिरून विचारलं होतं. शेवंताकाकूंनी तर मला हात जोडले, "बाय माझे, माझ्या कोंबड्यांनी जन्मात डाक्टर बघितलेला नाय."

पावसाळा गेला. दसऱ्याला मी गावी गेले तेव्हा पुन्हा बाटली भरून आणली. आता शेळी मागावी लागली नाही, काकू आपणहून घेऊन आल्या. रत्नागिरीला येऊन नळी लावली. जेवून आले तर बाब्याची नळी पिवळी! हळदीनं नव्हे, लिंबासारखी स्वच्छ पिवळी. मी आनंदानं लगेच आक्कांना फोन लावला.

"आक्का, बाब्या पास झाला!"

पलीकडून आक्कांची लगबगीनं मागीलदारी जाणारी पावलं ऐकू आली.

"हळू बोल गो," आक्का दबक्या आवाजात म्हणाल्या. "बाळा गुरव इथंच पडवीत चा पीत बसलाय."

मला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मागे घुंगूर वाजत होता, आणि आक्का कुणाला तरी "खा रे माझ्या सोन्या" म्हणत होत्या.

"नापास होऊन माझ्या पोराचा जीव वाचवलान त्यानं," त्या म्हणाल्या. "आता तेला पास करू नको."

आता मी निवृत्त झाले. बाब्या म्हातारा झालाय, लठ्ठ झालाय, मी पडवीसमोर लावलेली जास्वंद दर वर्षी खातो. महेश कुठल्या कुठल्या बंदरातून फोन करतो, आणि आईच्या आधी त्याची चौकशी करतो. दर मे महिन्यात राखणीच्या आधी बाळा गुरव न चुकता मला विचारतो, "वैनी, त्या बोकडाचं काय झालं?"

आयुष्यात मी निकाल दडवला नाही, कुणासाठी वाकडा केला नाही. पण बाळा गुरवाला मी दर वर्षी तेच उत्तर देते. तपासणी चालू आहे.

तो मान डोलावतो, देवाकडे बघतो आणि म्हणतो, "चालंल. देवानं थांबतो म्हणून सांगितलाय."